साठवण व दळणवळण जालांचे एकत्रीकरण

मोठ्या संस्थांच्या विदाकेंद्रांत (डेटा सेंटरांत) दोन स्वतंत्र जाले बाळगण्याची प्रथा होती. सर्व्हर एकमेकांना व बाहेरील जगाला जोडणारे ईथरनेट हे एक. त्यांना तबकड्यांच्या सामाईक साठ्याशी जोडणारे फायबर चॅनेल हे दुसरे. ईथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात मांडली. फायबर चॅनेलला १९९४ मध्ये अमेरिकी मानकाचा दर्जा मिळाला. दुहेरी तारा व स्विच यांमुळे खर्च आणि विजेचा वापर वाढे.

दोन्ही जाले एकाच तारेवर आणणे वाटते तितके सोपे नव्हते. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील पाणचक्कीत भूमिगत नळांतून आलेले पाणी जाते फिरवून पुढे हौदात पडते. एकच पाणी दोन कामे करते. येथे मात्र एकाच नळातून भिन्न स्वभावाचे दोन प्रवाह न्यावयाचे होते. गर्दी झाल्यास ईथरनेट पुडकी सरळ टाकून देते व वरच्या स्तरावरील टीसीपी ती पुन्हा पाठवविते. फायबर चॅनेलमध्ये ग्राहकाकडे जागा असल्याचे कळल्याखेरीज प्रेषक काही पाठवीतच नाही. साठवणीचे एखादे पुडके हरवल्यास संपूर्ण आज्ञा काही काळ खोळंबते. बँकेच्या खातेवह्यांसारख्या कामात हा खोळंबा परवडत नाही.

यावर दोन मार्ग निघाले. २००४ मध्ये मानक झालेल्या आयस्कझीने साठवणीच्या आज्ञा टीसीपीवरच सोपविल्या. ‘ईथरनेटवरील फायबर चॅनेल’ या २००९ च्या मानकाने उलट ईथरनेटलाच शिस्त लावू पाहिली. त्यासाठी २,११२ बाइटांपर्यंतचा मजकूर मावेल अशी मोठी पुडकी लागली (नेहमीची मर्यादा १,५०० बाइट), तसेच वाहतुकीच्या आठ वर्गांपैकी हवा तोच थांबविण्याची सोय २०११ मध्ये प्रमाणित झाली. पण हा थांबा मागे मागे सरकत निर्दोष वाहतुकीलाही अडवू शकतो. खरी अडचण कदाचित माणसांची होती : साठवण व जाल सांभाळणारे विभाग वेगळे, त्यांच्या सवयी वेगळ्या, सामाईक स्विचवर अधिकार कोणाचा, हे ठरेना.

परिणामी हे तंत्र मुख्यतः सर्व्हर ते पहिला स्विच एवढ्यापुरतेच रुजले. एनव्हीएमई साठवणीला जालावर आणणारे मानक २०१६ मध्ये व त्याचे टीसीपीवरील रूप २०१८ मध्ये आले. ईथरनेटवरील थेट स्मृतिप्रवेशात वर्गवार थांब्याची तीच युक्ती आजही वापरली जाते.