फ्रेंच क्रियापदरूपे : अवयवविभाजन व आघात

फ्रेंच क्रियापदाचे रूप उच्चारताना किती अवयवांत (एकेका स्वराभोवतीच्या उच्चारखंडांत) विभागले जाते आणि आघात कुठे पडतो, याविषयीचे नियम. ते लेखनावरून नव्हे, उच्चारावरून ठरतात.

विभाजन : दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अवयवात जाते. शब्दांच्या सीमाही त्याला अडवत नाहीत; ‘तो येतो’ या अर्थाचे ‘ईल आरीव्ह’ प्रत्यक्षात ‘ई-ला-रीव्ह’ होते. ‘पार्ले’ (बोलणे) याची वर्तमानकाळातील चार रूपे लेखनात तीन तऱ्हांनी संपतात, पण चारींचा उच्चार ‘पार्ल’ असा एकावयवीच. भविष्यकाळी ‘दॉन्-रे’मधला (मी देईन) क्षीण ‘अ’ गळतो. ‘पार्-ल-रे’मध्ये (मी बोलेन) तो गळाल्यास र, ल, र अशी तीन व्यंजने एकत्र येतील, म्हणून टिकतो. मोरिस ग्रामों यांच्या या नियमाला अपवाद बरेच आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये हा ‘अ’ पुष्कळदा राखतात.

आघात : आघात शब्दाचा नसून पदसमूहाचा असतो आणि समूहाच्या शेवटच्या पूर्ण अवयवावर येतो. ‘ईल पार्ल’ (तो बोलतो) यात तो ‘पार्ल’वर असतो, ‘ईल पार्ल व्हीत’ (तो भरभर बोलतो) म्हणताच ‘व्हीत’वर सरकतो. आज्ञार्थातील ‘दॉन्-ल’मध्ये (ते दे) मात्र अखेरचे सर्वनामच आघात घेते. फ्रेंचमध्ये शब्दाघात मुळात मानावा की नाही, याविषयी एकमत नाही.

इतिहास : अनियमित म्हणून पाठ केल्या जाणाऱ्या अनेक रूपांचा उलगडा लॅटिन आघातात होतो. ‘वेनित’मध्ये (तो येतो) आघात धातूवर होता, ‘वेनीमुस’मध्ये (आम्ही येतो) धातूच्या पुढे. साघात स्वर फुटून ‘व्ह्यँ’ झाले, निराघात स्वर क्षीण होऊन ‘व्हनों’मध्ये उरला. ‘द्वा–दव्हों’ (देणे लागणे) ही जोडीही अशीच. आघाताची जुनी जागा गेली, स्वरभेद मात्र राहिला. पुढे अनेक क्रियापदांत एकच धातुरूप सर्वत्र रूढ झाले : ‘रडणे’मध्ये साघात, ‘सापडणे’मध्ये निराघात. दुसऱ्याचे जुने साघात रूप मोल्येरच्या ‘ल मिझांत्रोप’मध्ये (१६६६) यमकस्थानी आढळते. ‘आम्ही’च्या ‘-ओं’ प्रत्ययाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे.

छंद : बारा अवयवांच्या आलेक्सांद्रँ वृत्तात ओळीच्या आत व्यंजनापूर्वीचा क्षीण ‘अ’ मोजतात.

मुद्रण : ओळ तोडताना द्वित्त व्यंजन मधोमध विभागतात, उच्चारात ते एकेरी असले तरी.