शब्दवेध : मोह

चैत्रात भल्या पहाटे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, लाखांदूरकडे मोहाखालची जमीन झाडलेली दिसते. पिवळसर, गराळ फुलं टोपल्यांत जातात आणि वाळली की मनुकेसारखी लालसर तपकिरी होतात.

हा मोह मायामोहातला नव्हे. तिथला मोह 'मुह्' धातूचा, म्हणजे भुलणं. झाडाचा मोह आला संस्कृत 'मधूक'वरून, प्राकृत 'महुअ'मार्गे. शास्त्रीय नावात तो 'मधुका' होऊन बसलाय. मुळाशी 'मधु', म्हणजे मध आणि मद्यही. मधापासून केलेल्या युरोपातल्या 'मीड'चं मूळही तेच. मोहफुलांच्या दारूत दोन्ही मोह शेवटी एकाच बाटलीत भेटले, हा भाषेचा खट्याळपणा!

फ्रेंचांनी मद्याला गावाचं नाव दिलं. शाब्ली हे गाव, द्राक्ष शार्दोने; शॅम्पेन तर प्रांतच. आपल्याकडे नाशिकची वाइन नावारूपाला आली, मोहाची मात्र नुसती 'गावठी'च राहिली. 2021 मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. आता झाडीपट्टीच्या नावाने बाटली निघायला हरकत नसावी. 'गावठी' म्हणजे तरी काय, गावचीच की!