डाव्या मुठीतला गिअर : व्हेस्पा ते चेतक

बजाज चेतकच्या डाव्या मुठीवर गिअरचे आकडे असत. क्लच दाबायचा, मूठ फिरवायची, हवा तो आकडा खुणेसमोर आणायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. नव्या गाडीत हे सारे निमूटपणे होत असे. वर्ष-दोन वर्षांनी मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडू लागे : मूठ सांगे दुसरा गिअर आणि गाडी उभी असे न्यूट्रलमध्ये. या बिघाडासाठी कितीतरी जणांनी कारखान्याला बोल लावला असेल; पण त्याचे मूळ १९४६च्या इटलीत, एका विमान-अभियंत्याने घेतलेल्या निर्णयात आहे.

दुसऱ्या महायुद्धात पाँतेदेरा येथील पियाजिओ कंपनीचा विमान कारखाना बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर बाँबफेकी विमानांना गिऱ्हाईक उरले नव्हते. लोकांना हवे होते स्वस्त आणि साधे वाहन. एन्रिको पियाजिओ यांना स्कूटरचा पहिला नमुना पसंत पडला नाही, म्हणून त्यांनी ते काम कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडे सोपवले. हा गृहस्थ हेलिकॉप्टर बनवणारा. १९३० मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरने उड्डाणाचे विक्रमही केले होते. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांवर उडते, पंक्चर झाले की चाक काढणे कटकटीचे, आणि बसायचे म्हणजे टांग टाकावी लागते, अशा त्याच्या तक्रारी होत्या. मोटारसायकलचा तिटकारा असलेल्या माणसाकडे हे काम गेले, ही इतिहासातली एक सुखद गंमतच म्हणायची.

२३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये व्हेस्पाच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. दास्कानियोने साखळी काढूनच टाकली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि मागचे चाक यांचा एकच गठ्ठा केला. पायांपुढे सपाट फळी ठेवली आणि गिअर पायाकडून काढून डाव्या हातात दिला. चालवणाऱ्याचे बूट स्वच्छ राहिले, पाय मोकळे झाले. पहिल्या ९८ सीसीच्या व्हेस्पाला तीनच गिअर होते.

या सोयीची किंमत होती ती अंतराची. हात पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकापाशी. मधल्या वाटेत हँडल वळते आणि खड्ड्यागणिक इंजिन चाकासह वरखाली झुलते. सुरुवातीच्या व्हेस्पांमध्ये मूठ आणि गिअरबॉक्स यांना सळयांनी जोडले होते. १९५०च्या सुमारास सळया गेल्या आणि लवचीक वायरी आल्या. गिअरसाठी दोन : एक ओढली जाते तेव्हा दुसरी सैल सुटते. तिसरी वायर क्लचची. हँडलच्या पोटातून निघून, चौकटीच्या आतून, या तिन्ही इंजिनापर्यंत जातात. वायर ताणली जाते, कोरडी पडते, वळणावर घासते, तिचे धागे एकेक करून तुटतात. दास्कानियोचा गिअरबॉक्स कणखर होता. नाजूक होता तो हा मधला दूत.

हीच रचना भारतात आली. बजाजने आधी आयात केलेल्या स्कूटर विकल्या. नंतर पियाजिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यात व्हेस्पा बनू लागली. १९७१ मध्ये तो परवाना संपला. पुढच्या वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक रस्त्यावर आली. नाव बदलले, पण डाव्या मुठीतला गिअर आणि त्या तीन वायरी तशाच राहिल्या. किती गाड्या बनवायच्या, हे त्या काळी सरकारी परवाना ठरवी. नाव नोंदवून वर्षानुवर्षे, काहींना दहा-दहा वर्षे, वाट पाहावी लागे. इतक्या प्रतीक्षेने मिळालेली गाडी कुणी सहजासहजी बदलत नसे. ती दुरुस्त करीत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून गिअर अडला की तो कशाने अडला, हा प्रश्न थेट घरखर्चाशी भिडत असे. वायर बदलणे म्हणजे किरकोळ खर्च. गिअरबॉक्समध्ये हात घालायचा, तर मात्र इंजिन उतरवून त्याची दोन शकले करावी लागत.

जाणता मेकॅनिक त्यामुळे नेहमी बाहेरून आत जात असे. पहिली तपासणी क्लचच्या दांडीची. ती साधारण दोन मिलिमीटर मोकळी हलली पाहिजे. त्याहून फार ढिली असेल तर क्लच पुरता सुटत नाही. दांडी दाबलेली असूनही गाडी पुढे सरकू पाहते आणि गिअर खरडत पडतो. उलट वायर फारच ताठ असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही. वायर बरोबर असूनही तसेच होत असेल, तर प्लेटा झिजल्या असे समजावे. या प्लेटा गिअरच्याच तेलात बुडालेल्या असतात. ते तेल अवघे पाव लिटरच्या आसपास, आणि इथे मोटारीचे निसरडे तेल घातले, तर चांगल्या प्लेटाही घसरू लागतात. प्लेटांपर्यंत झाकण काढून पोहोचता येते, इंजिन फोडावे लागत नाही.

बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत प्लेटा एकमेकींना चिकटतात. अशी गाडी पहिला गिअर टाकताच झेप घेऊन बंद पडते. त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी मागेपुढे हलवणे. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचावे म्हणून चेतक आडवी कलंडवण्याचा विधी सर्वांना आठवतो. हा दुसरा विधी मात्र फारसा कुणाच्या स्मरणात नाही.

दुसरी तपासणी गिअरच्या दोन वायरींची. मुठीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष गिअर यांचा मेळ बसत नसेल, तर बहुधा वायर ढिली झालेली असते. इंजिनापाशी असलेल्या डबीजवळ ती ताणून घेता येते. मूठ एकाच दिशेने काम करीत असेल, तर एक वायर तुटली हे उघड आहे. अशा वेळी अनुभवी चालक त्या डबीतला दांडा हाताने सरकवून दुसरा गिअर टाकी आणि तेवढ्यावरच घर गाठी.

खरे दुखणे याच्या पलीकडचे. गिअरबॉक्समध्ये चार चक्रे एका दांड्यावर सैल फिरत असतात आणि त्या दांड्याच्या आत चार हातांचा एक पोलादी तुकडा सरकतो. मेकॅनिक त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. तो ज्या चक्रात अडकेल तो गिअर लागतो. क्रॉसच्या कडा गोलावल्या की चढावर जोर दिल्यावर गिअर आपोआप सुटतो. आता या कडा झिजतात कशाने? पुष्कळदा त्या ढिल्या वायरीनेच. वायर सैल असली की क्रॉस चक्रात अर्धाच शिरतो आणि सारा भार त्याच्या टोकावर येतो. वायरीकडे केलेले सहा महिन्यांचे दुर्लक्ष शेवटी इंजिन फोडायला लावते. आणि याच्या उलट अन्यायही घडे : वायर ताणून न पाहताच क्रॉस गेल्याचे निदान होई आणि धडधाकट इंजिन उघडले जाई.

१९८०च्या दशकाच्या मध्यात कायनेटिक होंडाने गिअरच नसलेली स्कूटर आणली. पट्टा आणि पुली आपोआप वेग सांभाळत; वायर ताणण्याचा प्रश्न उरला नाही. तरीही चेतक पुढे वीस वर्षे टिकली, आणि २००५-०६ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. २०२० मध्ये त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर बाजारात आली. तिला क्लच नाही, गिअर नाही. डाव्या हाताखाली दांडी अजून आहे, पण ती आता ब्रेकची. जुन्या चेतकवर हात बसलेला माणूस सवयीने ती दाबतो, आणि गाडी जागच्या जागी थांबते.