मसाट : पत्त्यामागचे गाव

मसाट म्हटले की आज औद्योगिक वसाहतच डोळ्यांपुढे उभी राहते. मालाच्या खोक्यांवरून हे नाव दूरदूर पोहोचले. परंतु गाव म्हणून त्याचा विचार आपण क्वचितच करतो. तो येथे थोडक्यात करावा, असे आम्हांस वाटले.

सिलवासाजवळचे हे गाव दमणगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी नगर हवेलीतून वाहत दमण येथे समुद्रास मिळते. पूर्वेस डोंगर आणि सागाचे रान, पश्चिमेस मोकळी होत गेलेली भातजमीन, अशी या मुलखाची ठेवण. वारली, धोडिया, कोकणा या समाजांची वस्ती येथे पोर्तुगीज येण्यापूर्वीपासूनची.

हा मुलूख पोर्तुगिजांनी लढून घेतला नाही. मराठी आरमाराने त्यांचे 'सांताना' जहाज पकडले होते. पुढे १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी १२,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख देण्याचे मान्य केले आणि १७८३ मध्ये नगर हवेली जहाजाच्या भरपाईपोटी त्यांच्या हाती गेली. येथील रयतेस कोणी विचारले नाही. आणि हा व्यवहार मराठी दरबाराने केला, हेही आम्ही मान्य केले पाहिजे.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिलवासा मुक्त झाले. त्या लढ्यातील सुधीर फडके प्रभृतींचा सहभाग आमच्या घरांतून अभिमानाने सांगितला जातो, आणि तो रास्तच आहे. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. तथापि जमिनीचा प्रश्न शिल्लकच होता. पोर्तुगीज सरकारच्या 'अलवारा' सनदांनी जमिनी धारकांकडे गेल्या होत्या. ती पद्धत रद्द करणारा जमीनसुधारणा विनियम १९७१ मध्ये आला.

तोवर कारखानदारीही सुरू झाली होती. १९६५ मध्ये पिपरिया येथे सहकारी औद्योगिक वसाहत झाली. पुढे मसाट, खडोली येथे सरकारी वसाहती उभ्या राहिल्या. आमच्यापैकी कित्येक घराणी नोकरी-व्यवसायानिमित्त आली, येथेच रुजली. या भूमीने आम्हांस अन्न दिले.

म्हणून नव्या पिढीस मुक्तिलढ्याची कथा सांगताना तहाची आणि सनदांचीही कथा सांगावी. मुलूख देणारे आपले, सोडवणारेही आपले. पण शेत कसणारे मात्र दोन्ही वेळी येथलेच होते. त्यांच्या स्मरणाविना मसाटचा इतिहास अपुरा राहील.