वारुळात ओतलेले औषध : कन्नड नागकथेतील वशीकरण, पातिव्रत्य आणि दैव

प्रेम आणि दैव यांच्या कथांत वशीकरणाच्या पेयाचा कल्पनाबंध जगभर आढळतो. स्टिथ थॉम्पसन यांच्या कल्पनाबंध-सूचीत त्याला ‘डी १३५५.२’ हा क्रमांक मिळालेला आहे. मात्र क्रमांकाने कल्पनाबंधाची ओळख पटते, कार्य कळत नाही. पेय कोण सिद्ध करते, कोणासाठी करते आणि प्रत्यक्षात ते कोणाच्या पोटात जाते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर कथेचा नैतिक आशय अवलंबून असतो. म्हैसूरशी नाते सांगणाऱ्या एका कन्नड नागकथेच्या आधारे या कार्याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

अ. क. रामानुजन यांचा जन्म १९२९ साली म्हैसूर येथे झाला आणि त्यांचे शिक्षण तेथील महाराजा महाविद्यालयात झाले. वडील म्हैसूर विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. घरात माडीवर इंग्रजी आणि संस्कृत, स्वयंपाकघरात तमिळ आणि रस्त्यावर कन्नड अशी भाषांची विभागणी रामानुजन यांनीच नोंदवून ठेवली आहे. मुलांना जेवू घालताना स्त्रिया सांगत त्या कथा माडीवरच्या नव्हत्या, स्वयंपाकघरातल्या होत्या. पुढे १९५०च्या दशकात बेळगाव येथे अध्यापन करीत असताना, म्हणजे कन्नड आणि मराठी यांच्या सीमाप्रदेशात, त्यांनी कन्नड लोककथांचे संकलन केले. म्हैसूरमध्येही या साहित्याला विद्यापीठीय आश्रय लाभला. मानसगंगोत्री परिसरातील जयलक्ष्मी विलास या वाड्यातील लोकसाहित्य-संग्रहालय १९६८ साली स्थापन झाले. रामानुजन यांनी गिरीश कार्नाड यांना ज्या मौखिक कथा ऐकवल्या, त्यांपैकी दोहोंवर कार्नाडांचे ‘नागमंडल’ (१९८८) हे नाटक उभे आहे. त्यांतील एक प्रस्तुत नागकथा होय.

कथा थोडक्यात अशी : नवरा बाहेरख्याली, बायको घरात एकटी. शेजारची म्हातारी तिला नवरा वश करण्याचे औषध देते. नाटकात ही म्हातारी आंधळी कुरुडव्वा आहे आणि औषध म्हणजे मुळीचे तुकडे. लहान तुकडा दुधातून देऊन काही साधत नाही. मोठा तुकडा वाटून कालवणात घालताच ते रक्तासारखे लाल होते. नवऱ्याच्या जिवाला अपाय होईल या भयाने राणी ते वारुळात ओतून टाकते. तेथला नाग ते पितो, तिच्यावर अनुरक्त होतो आणि रात्री नवऱ्याचे रूप घेऊन येऊ लागतो. तिला दिवस जातात. नवरा व्यभिचाराचा आरोप ठेवतो आणि पंचांपुढे दिव्य करण्याची वेळ येते.

राणीचे भय या कथेत उपजलेले नाही, त्याला दीर्घ इतिहास आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १४५वे सूक्त सवतीला दूर सारणाऱ्या वनस्पतीला उद्देशून आहे. तेथे स्त्री निःसंकोचपणे वनस्पती खणून काढते आणि पती आपलाच व्हावा असे मागते. धर्मशास्त्राने मात्र ही वाट बंद केली. मनुस्मृतीत ‘मूलकर्म’ उपपातकांच्या यादीत आले. या दोन टोकांमधला कळीचा प्रसंग महाभारताच्या वनपर्वातील द्रौपदी–सत्यभामा संवादात सापडतो. पाच पती वश कसे राहतात, हे व्रताने, मंत्राने की मुळ्यांनी, असे सत्यभामा विचारते. पत्नी मंत्र-मुळ्यांच्या नादी लागली आहे असे कळताच पती तिला घरात शिरलेल्या सापाप्रमाणे भिऊ लागतो, असे द्रौपदी बजावते. अशा औषधांनी पुरुषांना जलोदर, कुष्ठ, अंधत्व जडल्याचेही ती सांगते.

ग्रीक परंपरेत ही भीती प्रत्यक्षात उतरते. सॉफोक्लीझच्या ‘ट्रॅकिनिआई’ या नाटकातील डिअनायरा पतीचे प्रेम परत मिळावे म्हणून वस्त्राला नेससचे रक्त लावते. ते विष ठरते, हेराक्लीझ तडफडतो आणि ती आत्मघात करते. ग्रीक ‘फार्माकॉन’ या शब्दात औषध आणि विष हे दोन्ही अर्थ नांदतात. कन्नड ‘मद्दु’ हा शब्दही औषधाबरोबर गुपचूप खाऊ घातलेल्या द्रव्याचा बोध करून देतो. राणी जे टाळते ते नेमके डिअनायराचे प्राक्तन होय.

येथेच कन्नड कथेचे वेगळेपण आहे. वशीकरणाच्या बहुतेक कथांत पेय प्यायल्यामुळे दैव गती घेते. येथे ते न पाजल्यामुळे गती घेते. पतीच्या जिवाची काळजी हे पातिव्रत्याचे लक्षण, आणि त्याच काळजीपोटी केलेल्या कृतीतून परपुरुषसंगाचा आरोप जन्मतो. द्रौपदीच्या उपदेशाचे पालन केल्यावरच साप घरात शिरतो. महाभारतातील उपमान लोककथेत पात्र होते. पण भीतीचे नव्हे, प्रेमाचे. लोककथेने वनपर्वाला जाणीवपूर्वक उत्तर दिले असे म्हणण्यास आधार नाही. तथापि एकाच प्रतिमेची ही दोन टोके पुरुषाच्या भयाचे आणि स्त्रीच्या एकाकीपणाचे चित्र समोरासमोर ठेवतात.

युरोपातील ट्रिस्टन–इसोल्ड कथेशी ताडून पाहता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही पेय विवाहासाठीच सिद्ध झालेले असते. इसोल्डच्या आईने ते इसोल्ड आणि राजा मार्क यांच्यासाठी दिलेले. जहाजावर चुकून ते ट्रिस्टन आणि इसोल्ड पितात. बेरूलच्या बाराव्या शतकातील काव्यात पेयाचा अंमल तीन वर्षांचा आहे. म्हणजे प्रेमिकांचा अपराध पेयाच्या माथी मारता येतो आणि त्याला मुदतही घालता येते. इसोल्डलाही शपथ घ्यावी लागते. कुष्ठरोग्याच्या वेषातील ट्रिस्टनच्या पाठीवरून तिने ओढा ओलांडलेला असतो. मग पती आणि हा कुष्ठरोगी यांखेरीज कोणाशी आपला अंगसंग झाला नाही, अशी शब्दशः खरी शपथ ती घेते. राणी नागाला हाती धरून सांगते की पती आणि हा नाग यांवाचून तिने कोणाला स्पर्श केलेला नाही. रचना एकच, तरीही फरक मूलगामी आहे. इसोल्डची शपथ रचलेली, राणीची अक्षरशः निर्मळ. शिवाय कन्नड कथेत स्त्रीने पेय प्राशन केलेलेच नाही. नागाच्या आसक्तीला औषधाचे कारण आहे; राणीला रात्री लाभणाऱ्या सुखाला कोणतेही औषधी कारण नाही. तिच्या इच्छेची जबाबदारी कथा कोणत्याही द्रव्यावर टाकत नाही.

मराठी वाचकाला येथे नागपंचमीची कहाणी आठवणे स्वाभाविक आहे. तिच्यातही सासरी एकाकी पडलेली स्त्री आहे. धाकटी सून, माहेरचे कोणी नाही. नागोबा आपल्याला न्यायला येईल अशी आस ती धरते आणि नाग ब्राह्मणाच्या वेषात, मामा म्हणवून, तिला न्यायला येतो. या कहाणीत मुळीची गरज पडत नाही. करुणा पुरेशी ठरते. एकाच उणिवेची दोन उत्तरे या दोन कथा देतात. मराठी कहाणीत नाग माहेराची जागा भरतो, कन्नड कथेत नवऱ्याची. माहेरचे नाते धर्मसंमत असल्यामुळे व्रतकथेत ते उघडपणे मागता येते. शृंगाराची उणीव उघडपणे मागण्याची सोय व्रतकथेत नाही, म्हणून कथेला मुळी लागते, आणि ती मुळीही चुकीच्या ठिकाणी सांडावी लागते.

स्त्रियांच्या कथा ही मूल्यांची एक प्रतिव्यवस्था असून कर्म, पातिव्रत्य यांसारख्या संकल्पना तेथे निराळ्या दिसतात, असे प्रतिपादन रामानुजन यांनी १९९१ सालच्या एका निबंधात केले. प्रस्तुत कथा त्याची साक्ष देते. दिव्यात नाग राणीच्या डोक्यावर फणा धरतो, गाव तिला देवी मानते, नवरा परततो. तोही औषधाविना. मुळीने जे साधायचे होते ते शेवटी सत्य बोलण्याने साधते, पण त्याची किंमत नाग मोजतो. लोककथेत तो तिच्या केसांत प्राण सोडतो. कार्नाडांच्या नाटकात या शेवटावर समाधान न मानता दुसरा शेवट सुचवला जातो : नाग जिवंत आहे आणि राणी त्याला आपल्या केसांत आसरा देते.

या कल्पनाबंधाच्या प्रवासात पेयाचे सामर्थ्य कमी होत जाते आणि ते हाती धरणाऱ्या स्त्रीचे नैतिक कर्तृत्व वाढत जाते. वैदिक सूक्तात ती वनस्पती वापरते, महाभारतात ती नाकारते, कन्नड कथेत ती ओतून टाकते. या तिसऱ्या कृतीचा परिणाम तिच्या हाती राहत नाही, म्हणून कथा त्याला दैव म्हणते. ओतून टाकण्याचा निर्णय मात्र तिचा स्वतःचा असतो.