फुरशी किती आणि पाल कुठली? रत्नागिरीच्या सड्यावरचा इतिहास

या पावसाळ्यात आम्ही तिघं मित्र रत्नागिरीच्या सड्यांवर साप, पाली, बेडूक बघायला जाणार आहोत. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे कुठेही निघायचं तर आधी जुना डेटा शोधायचा ही सवय. या ट्रिपसाठी शोधायला बसलो आणि हाती लागला तो सरळ इतिहासच. आजच्या भागात तोच सांगतो.

सुरुवात करू १८६२ पासून. तेव्हा इंग्रज सरकार मेलेल्या सापामागे बक्षीस द्यायचं. त्या वर्षीच्या डिसेंबरात, अवघ्या आठ दिवसांत, रत्नागिरी जिल्ह्यात १ लाख १५ हजारांहून जास्त साप मारून आणले गेले. त्यात मुख्य भरणा फुरशांचा. तेव्हाचा जिल्हा मोठा होता हे खरं, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. तरीही आठ दिवसांत लाखाच्या वर म्हणजे काय, विचार करा.

आज हे ऐकून आपण पटकन म्हणतो, 'काय अडाणी लोक!' पण थांबा जरा. फुरसं असतं जेमतेम हातभर, रंग कातळासारखा, बसतं दगडाखाली नाहीतर सुक्या गवतात. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं, तेवढीच काय ती सूचना. आणि सड्यावर अनवाणी गवत कापणाऱ्या माणसाचा पाय नेमका तिथेच पडतो. याच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. माणूस लगेच जात नाही, काही वेळा दिवसेंदिवस रक्तस्राव होत राहतो. त्या काळी यावर औषधच नव्हतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० साली निघाला. त्यासाठी माहिती देणारा जी. डब्ल्यू. विडाल हा सनदी अधिकारी पक्ष्यांच्या याद्या करायचा आणि सापांवरही लिहायचा. एवढासा हा साप किती माणसं मारतो, याकडे त्यानं लक्ष वेधलं. म्हणजे लोकांची भीती अगदी रास्त होती.

माझी अडचण वेगळी आहे. ट्रिप आखायला बसलं की हा प्रचंड आकडा काहीच कामाचा नाही. साप किती मेले ते कळतं. पण ते कुठल्या गावचे, दगडाखालचे की शेतातले, यातलं त्या आकड्यात काहीच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर नुसता 'काउंट' आहे, 'लोकेशन' नाही.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १९६३ साली ॲलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण या दोघांनी एका नव्या पालीचं वर्णन छापलं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. इवलीशी, जमिनीवर राहणारी, अंगावर पांढरे पट्टे. शास्त्रीय नाव हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. मूळ नमुना कुठला? रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावचा. पुढे २००३ मध्ये याच डोर्ल्यातून देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, गेजिनिओफिस शेषाचारी. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण त्याला पाठीचा कणा असतो आणि नातं बेडकांशी! भारतीय प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार यांच्यावरून हे नाव ठेवलं.

बघा, लाखभर मेलेल्या सापांनी जे सांगितलं नाही, ते मोजक्या नमुन्यांनी सांगितलं, कारण सोबत गावाचं नाव लिहिलं होतं. साठ वर्षांनंतरही कुणी त्या सड्यावर जाऊन विचारू शकतो: ती पाल अजून आहे का?

आणि हा प्रश्न आज फार महत्त्वाचा आहे. आपण सड्याला सहज 'पडीक' म्हणून टाकतो. त्यावर चिरेखाणी होतात. सुरुंग लावून खड्डे काढतात, माती भरतात आणि हापूसची कलमं लावतात. सुटे दगड उचलून गडगे घालतात. बागायतदाराचं पोट त्यावर आहे, त्याला दोष देऊन भागणार नाही. पण या जिवांचं घर म्हणजे तोच सुटा दगड. कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, तेव्हापासून लोक सड्याकडे जरा आदरानं बघायला लागलेत. शिल्पाशेजारच्या दगडाखाली काय आहे, तेही बघायला हवं.

तर आमचा प्लॅन असा. पावसानं जोर धरला की जायचं, कारण देवगांडूळ आणि बेडूक तेव्हाच वर येतात. सड्याच्या मालकाला आधी विचारायचं. गमबूट, दोन टॉर्च, आणि दगड उलटायचा तो काठीनं, हातानं नाही. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा. साप पकडायचा नाही. परवानगीशिवाय पकडणं वन्यजीव कायद्यात बसतही नाही. सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय आधीच बघून ठेवायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर ती एकच लस चालते.

नोंद मात्र नीट करायची: तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, जागा कातळाची की बागेची. नेमकं ठिकाण अभ्यासकांना द्यायचं, इन्स्टावर नाही, कारण असे जीव पकडून विकणारेही असतात.

तुमचं गाव त्या बाजूला असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सड्यावर पूर्वी काय काय दिसायचं. आणि ते ऐकाल तेव्हा जागेचं नाव तेवढं लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.