सायकलिंगची मोजणी (फिटनेस ट्रॅकरमधील)

सायकलिंगची मोजणी : सायकल चालवताना झालेले श्रम मनगटावरचे घड्याळ किंवा बँड ओळखतो आणि दिवसाच्या हालचालीच्या उद्दिष्टात जमा करतो, ती पद्धत. हे उद्दिष्ट कधी पावलांत असते, कधी मिनिटांत, कधी कॅलरीत. सायकलस्वाराच्या पदरात काय पडते ते बरेचसे या एककावर ठरते. लोणावळ्याच्या उत्तरेकडील तुंगार्ली (ता. मावळ, जि. पुणे) हे ठिकाण अशा मोजणीची पारख करायला फार चांगले. जवळच बोरघाट, वस्तीतून धरणाकडे जाणारा चढ, पलीकडे राजमाचीची कच्ची वाट आणि पावसाळ्याचे चार महिने धुवांधार पाऊस.

पावले हे एकक मुळात सायकलसाठी नव्हतेच. १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’, हे कमरेला लावायचे यंत्र विकायला आणले. दहा हजारांचा आकडा तिथून जगभर रुळला. आजच्या बँडमध्ये त्या यंत्राची जागा त्वरणमापकाने घेतली आहे. चालताना हात ठरावीक लयीत झुलतो आणि त्या लयीवरून बँड पाऊल ओळखतो. सायकलवर हात हँडलवर स्थिर असतो, त्यामुळे डांबरी रस्त्यावर तासभर पेडल मारूनही पावलांचा आकडा जेमतेम हलतो. तुंगार्लीहून वळवंडमार्गे उधेवाडीला जाणाऱ्या राजमाचीच्या दगडगोट्यांच्या वाटेवर याच्या उलट घडू शकते : हँडलला बसणारे हादरे मनगटापर्यंत येतात आणि बँड त्यांतले काही पावले म्हणून मोजतो. चढ असह्य झाल्यावर स्वार उतरून सायकल ढकलू लागला, की तो खरोखर चालत असतो. पण हात हँडल धरून असल्याने ती खरी पावले सुटतात. सायकलच्या मिनिटांना ठोकळ दराने ‘पावलांत’ बदलून देण्याची सोयही काही ॲपमध्ये असते. ती तडजोड आहे, मापन नव्हे.

मिनिटांचे एकक सायकलस्वाराला अधिक न्याय देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात मध्यम श्रमाची १५० ते ३०० किंवा जोरकस श्रमाची ७५ ते १५० मिनिटे करावीत. जोरकस श्रमाचे एक मिनिट मध्यम श्रमाच्या दोन मिनिटांबरोबर धरायचे, हा त्यामागचा हिशेब. गूगल फिटचे ‘हार्ट पॉइंट’ (२०१८), फिटबिटची ‘ॲक्टिव्ह झोन मिनिटे’ (२०२०) आणि गार्मिनची ‘इंटेन्सिटी मिनिटे’ याच हिशेबावर उभी आहेत. फिटबिटचे रोजचे २२ मिनिटांचे उद्दिष्ट म्हणजे १५० ला सातांनी भागून आलेला आकडा. ॲपल वॉचची तीन वर्तुळे वेगळी : सक्रिय कॅलरी, भरभर चालण्याइतक्या किंवा त्याहून अधिक श्रमाची मिनिटे, आणि ज्यात किमान मिनिटभर उभे राहून हालचाल झाली असे तास. यातील तिसरे वर्तुळ बसून पेडल मारण्याला दाद देईलच असे नाही.

कॅलरीची गणना हा यातला चुकीला सर्वांत जास्त वाव देणारा भाग आहे, आणि घाटात ते स्पष्ट दिसते. ज्या ट्रॅकरला हृदयाचे ठोके नीट मिळत नाहीत, त्याला वेगावरून अंदाज बांधावा लागतो. असे अंदाज बहुधा ‘मेट’ या एककावर बेततात. एक मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च, ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला एक किलोकॅलरी. शारीरिक हालचालींची मेटमूल्ये देणाऱ्या प्रसिद्ध संकलनाची पहिली आवृत्ती १९९३ ची. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत ताशी ९ किमीच्या आसपासच्या निवांत सायकलिंगला ३.५ मेट आहेत, तर ताशी २६ ते ३० किमीच्या वेगाला १२.

आता खोपोलीहून बोरघाटाच्या जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून वर येणारा स्वार घ्या. (द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तो याच घाटात.) खोपोली आणि लोणावळा यांच्या उंचीत सुमारे ५५० मीटरचा फरक आहे. ६५ किलोचा स्वार आणि १५ किलोची सायकल मिळून ८० किलो वजन तेवढे वर न्यायला सुमारे ४३० किलोज्यूल काम लागते. शरीर जाळलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोचवते. म्हणजे नुसत्या उंचीसाठीच त्याने ४१० ते ५१५ किलोकॅलरी खर्च केल्या. वारा आणि टायरचे घर्षण वेगळेच. हा चढ त्याने ताशी ९ किमीने तासाभरात संपवला, तर वेगाचे कोष्टक त्याला देते जेमतेम २३० किलोकॅलरी. तोच स्वार परतताना पेडल न मारता ताशी ३० किमीने उतरला, की कोष्टक त्याच्या नावावर १२ मेट लावते! धापा टाकत चढणाऱ्याला कमी आणि ब्रेक दाबत उतरणाऱ्याला जास्त, असा हा उफराटा न्याय सपाट गावात जाणवणार नाही. उंची आणि ठोके हिशेबात धरणारे ट्रॅकर ही चूक बरीच कमी करतात. पेडलवर किंवा क्रँकवर बसवलेला पॉवर मीटर तर काम थेट मोजतो. ॲपल वॉचला २०२३ पासून (वॉचओएस १०) तो जोडता येतो. मोटरच्या साहाय्याने चालणाऱ्या ई-सायकलचा वेगळा हिशेब ॲपलने २०२१ मध्ये (वॉचओएस ८) आणला.

ठोके मोजण्यालाही अडचणी आहेत. घड्याळाच्या पाठीचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो. हँडल घट्ट धरलेले, मनगट वाकलेले, रस्ता हादरवणारा आणि पट्टा सैल असला, की हा संकेत बिघडतो. थंडीत कातडीकडचा रक्तप्रवाह घटतो, तेव्हाही तसेच होते. छातीच्या पट्ट्याला या गोष्टी सहसा बाधत नाहीत, कारण तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो. शिवाय श्रमाची तीव्रता ठरवताना पुष्कळ यंत्रे कमाल ठोके ‘२२० वजा वय’ असे धरतात; हे सूत्र समूहाच्या सरासरीचे आहे, एका माणसाचे नव्हे. उंची मोजणारा वायुदाबमापकही पावसाळ्यात फसतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला, की यंत्राला आपण सुमारे आठ मीटर चढल्यासारखे वाटते, आणि लोणावळ्याच्या पावसात दाब एका फेरीतही बदलू शकतो.

शरीराच्या क्रिया यंत्राने मोजण्याची परंपरा या गावाला जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे क्ष-किरण व दाबमापनाच्या साहाय्याने केलेले प्रयोग ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. तिथे आधी क्रिया समजून घेतली जाई आणि मग तिच्याजोगे यंत्र लावले जाई. सायकलच्या बाबतीत ट्रॅकरने पुष्कळदा उलटे केले : चालण्याचे यंत्र आधी आले, सायकल त्यात नंतर बसवली.

याचा तोटा सर्वांत जास्त होतो तो रोजच्या कामासाठी सायकल वापरणाऱ्याला. तुंगार्लीहून बाजारात किंवा स्टेशनवर जाणे म्हणजे दोन-तीन किलोमीटर, फार तर दहा-बारा मिनिटे. सायकलिंग आपोआप ओळखणाऱ्या बऱ्याच ट्रॅकरना ते सलग दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते, त्यामुळे अशी फेरी ‘सायकलिंग’ म्हणून नोंदलीच जात नाही. ठोके पुरेसे वाढले तर मिनिटे जमा होतात. केवळ पावले मोजणाऱ्या साध्या बँडवर मात्र काहीच उमटत नाही. दिवसातून अशा चार फेऱ्या झाल्या, तरी तो माणूस बँडच्या लेखी बसूनच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनात श्रम किमान दहा मिनिटे सलग असावेत अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. ट्रॅकरची अट मात्र वापरणाऱ्यालाच बदलावी लागते : ज्यात सोय आहे त्यात ओळखण्याची मर्यादा खाली आणून, नाहीतर स्टँड काढण्याआधी स्वतः ‘सायकल’ची नोंद सुरू करून.